पत्र्यावरचं पाणी आणि शाळेची परसबाग : एका मिशन शाळेच्या वर्षभराच्या नोंदी

नगर जिल्ह्यात शेवगाव आणि पाथर्डी यांच्या मधल्या पट्ट्यात आमची शाळा आहे. मिशनची, अनुदानित, पहिली ते चौथी. पट ३८, शिक्षक दोन: मी आणि सर. पोषण आहार शिजवायला मावशी. शेजारी चर्च, त्यामागे पाळकसाहेबांचं घर. ३८ पैकी १७ पोरं ख्रिस्ती घरातली, बाकी मराठा, धनगर, वंजारी अशी सगळी. तेरा पोरांचे आईबाप दर हिवाळ्यात ऊसतोडीला जातात. हा तेराचा आकडा मी सुरुवातीलाच धरायला हवा होता. धरला नाही, आणि त्यात निम्मं वर्ष वाया गेलं.

पत्र्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं, त्यावर पोरांनी हात धुवायचे आणि परसबाग करायची, एवढं काम होतं. आमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळेत कुणी हे करायला घेणार असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी.

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा शनिवारी सुरू झाली. बोअरचं पाणी खारं आहे. त्यावर गेल्या वर्षी लावलेली मेथी पिवळी पडून गेली आणि मातीवर पांढरा थर आला तो अजून दिसतो. हात धुवायला एकच नळ. जेवणाच्या सुट्टीत रांग इतकी लांब, की मागची पोरं चड्डीला हात पुसून जेवायला बसतात.

चौथीच्या पोरांकडून पत्रा मोजून घेतला. इमारत १८ मीटर लांब, दोन पाखी छप्पर, एक पाख जमिनीवरून मोजलं तर ३ मीटर रुंद. म्हणजे एका बाजूला ५४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, हे फळ्यावर सांगून एकालाही पटलं नाही. मग पाळकसाहेबांकडून बिस्किटांचा सरळ काठाचा रिकामा डबा आणला, आत पट्टी उभी केली आणि अंगणात ठेवून दिला. पावसाची नोंद रोज चौथीने करायची.

हाताशी २०,००० रुपये. पंधरा हजार इथेच शिकून नोकरीला लागलेल्या एका माजी विद्यार्थ्याचे, पाच हजार चर्चच्या मंडळीने वर्गणीतून दिले.

२९ जून, शनिवार

सामान आणलं. दोन हजार लिटरची काळी टाकी १२,५०० ला. पन्हळीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइप, सहा मीटरचे तीन नग, ६,६०० ला. चार इंची पाइप, बेंड, टोपणं आणि सोल्युशन मिळून २,१५०.

घरी येऊन सरांनी पाइप उभा चिरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाइप मधोमध चिरला की एकाच्या दोन पन्हळी होतात! अठरा मीटरला दीड नग पुरला असता. आम्ही तीन आणले. परत घ्यायला दुकानदार तयार नाही, कारण एक चिरून झालाय. न चिरलेले दोन खोलीत आडवे टाकलेत, त्यावर दुसरीची पोरं घोडा-घोडा खेळतात.

चिरायला ग्राइंडर वापरा. आम्ही करवतीने सुरुवात केली. एका मीटरला पाऊण तास लागला, वर रेघ वाकडी.

६ जुलै, शनिवार

पन्हळ बसवली ती बांधणीच्या तारेने. तार स्वस्त म्हणून. पत्र्याच्या लाकडी वाशांना दर चार फुटांवर बांधली आणि खालून पाहिलं तर छान सरळ दिसली. तीच चूक. सरळ दिसायला नको, उताराला लागलेली दिसायला हवी.

दुपारी दोनला पावसाची सर आली. पाणी पन्हळीत साचलं, तारांच्या मधे पन्हळीला पोट आलं आणि सगळं पाणी पहिलीच्या दारात. मावशी डाळीचं पातेलं घेऊन येत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, आधी पानी बाहेर पडत व्हतं, आता तुमी ते घरात आनलं." खरं होतं.

१० जुलै, बुधवार

तारा काढल्या. लोखंडी पट्टीचे अर्धगोल कंस करून घेतले, दर दोन फुटाला एक, असे ३० नग, १,०५० रुपये. उतार काढायला गवंड्याने पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची. हे चौथीच्या पोरांना इतकं आवडलं की दिवसभर त्यांनी शाळेतली प्रत्येक भिंत तपासली आणि फळा एका बाजूला दोन बोटं उतरता आहे असा अहवाल दिला. अठरा मीटरला अठरा सेंटिमीटर उतार ठेवला. आता एका टोकाला पन्हळ पत्र्याला चिकटलेली आणि दुसऱ्या टोकाला वीतभर खाली दिसते. दिसू दे.

१३ जुलै, शनिवार

रात्री चांगला पाऊस. डब्यात ४० मिलिमीटर. ५४ गुणिले ४० म्हणजे २,१६०, थोडं उडून-सांडून सतराशे-अठराशे तरी टाकीत आलं असणार. पोरांचा हिशेब बरोबर निघाला, पण टाकी शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. म्हणजे कललेली.

टाकीखाली आम्ही जुन्या विटांचा नुसता रचलेला ओटा केला होता. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन वजन, हे तिसरीचं गणित आहे, आणि ते आम्ही दोघा शिक्षकांनी केलं नाही. पावसाने खालची काळी माती फुगली आणि एका कोपऱ्यातल्या विटा आत गेल्या. नशीब रात्र होती, पोरं नव्हती. सगळं पाणी सोडून दिलं. सोडताना पोट दुखलं.

नवा चौथरा: दोन फूट खोदून काळी माती काढली, मुरूम धुम्मस केला, वर दगड-सिमेंट. ४,६०० रुपये आणि अकरा दिवस. पैसे वाचवायला जागा इथे नाही. बाकी कुठेही वाचवा, चौथऱ्यात नको.

२४ जुलै, बुधवार

टाकी पुन्हा जागेवर. पहिल्या पावसाचं घाण पाणी टाकीत जाऊ नये म्हणून उभा पाइप लावला होता. घाण पाणी आधी त्यात भरतं आणि तो भरला की पुढचं टाकीत जातं. आमचा पाइप चार इंची, सहा फुटी. तरी टाकीत चिमण्यांची घाण, पानं आणि एक वाळलेली पाल.

पुन्हा हिशेब. पत्रा धुवायला निदान एक मिलिमीटर पाऊस सोडून द्यायला हवा, म्हणजे ५४ लिटर. आमच्या सहा फुटी पाइपात मावतं जेमतेम १४. आता त्याच्या तळाशी पन्नास लिटरचा जुना निळा ड्रम जोडला (२५०), खाली बारीक छिद्राची बूच, म्हणजे तो हळूहळू आपोआप रिकामा होतो. पन्हळीच्या तोंडाशी जाळी (३००). त्यानंतर पाणी स्वच्छ. तरी हे पाणी प्यायचं नाही, हे पोरांना पहिल्या दिवसापासून बजावलंय. प्यायला जारचं पाणी वेगळं येतं.

३ ऑगस्ट, शनिवार

हात धुवायला आठ नळांची रांग. प्लास्टिकचे नळ, ४५ चा एक, ३६० ला आठ. आठवड्यात पाच मोडले. कुणी मुद्दाम नाही मोडले. पहिलीतलं पोर नळाला लटकून उभं राहतं, त्याला दुसरं काही धरायला नसतं. पितळी नळ लावले, आठ नग १,६८०, आणि खाली पहिलीच्या उंचीची एक पायरी. आधीच पितळी घेतले असते तर ३६० वाचले असते.

साबणाची गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. वड्या गायब होऊ लागल्या. आधी मला वाटलं पोरं घरी नेतात, आणि परिपाठात मी त्यावर जरा कडक बोलले. सोमवारी सरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं: कावळा नळाच्या कठड्यावर उतरला, वडीला चोच मारली आणि ती घेऊन चर्चच्या चिंचेवर गेला. झाडाखाली चार वड्या सापडल्या, टोचलेल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठात पोरांची माफी मागितली. सगळ्यात मोठ्याने हसली ती चौथीतली ती मुलगी, जिच्याकडे मी संशयाने पाहिलं होतं. आता साबण जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून बांधतो. मोजा ओला करून चोळला की फेस येतो आणि कावळ्याला काही मिळत नाही.

परिपाठाचं सांगते, कारण बाहेरचे लोक हमखास विचारतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका हे सगळ्या शाळांसारखंच. त्यापुढे रेव्हरंड टिळकांचं एक भजन आणि प्रभूची प्रार्थना. गुरुवारी पसायदान. शनिवारी पाळकसाहेब बायबलमधली गोष्ट सांगतात, त्याला ज्यांच्या पालकांनी लेखी संमती दिली तीच पोरं बसतात. अनुदानित शाळेत संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, संविधानातच तसं आहे. यंदा दोघांची संमती नाही. ती दोघं त्या वेळात पावसाचा डबा वाचतात आणि झाडांना पाणी घालतात. त्यामुळे शनिवारचं माप सगळ्यात नीट लिहिलेलं असतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

आता बाग. ती जुलैच्या पहिल्या आठवड्यातच सुरू केली होती, वर लिहायची राहिली, कारण तिथे फक्त अपयश होतं.

सहा वाफे. जमीन मुरमाड. कुणीतरी सांगितलं, साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) घाला, सोनं आहे. एका पालकाने ट्रॉलीभर आणून टाकलं, फुकट. ताजंच होतं. वाफ्यात हात घातला तर गरम लागत होतं, तरी मी मेथी, पालक, गवार टोकली. उगवलं आणि चार दिवसांत करपलं. प्रेसमड निदान दोन-तीन महिने ढीग करून, पाणी मारून, उलथून कुजवावं लागतं, हे नंतर कळलं. कळलं कुणाकडून, तर तिसरीतल्या एका पोराच्या आजोबांकडून. पोर पहिल्याच दिवशी म्हणालं होतं, "बाई, आमचे आबा हे असं टाकत न्हाईत." मी म्हटलं, तू टोक.

एका कडेला टोकलेलं डांगर (लाल भोपळा) तेवढं वाचलं, कारण तिथपर्यंत प्रेसमड पुरलं नव्हतं.

वाफे उकरून तो सगळा माल कोपऱ्यात ढिगाला लावला. वाफ्यात तळ्याचा गाळ आणि मावशींच्या चुलीची राख. पुन्हा पेरणी: पहिली-दुसरीला मेथी आणि कोथिंबीर, कारण त्यांना धीर नसतो, आठवड्यात काही दिसलं पाहिजे. तिसरीला भेंडी-गवार. चौथीला वेल: दोडका, कारलं, वाल. बियाणं दोन्ही वेळचं मिळून ६४०.

२ सप्टेंबर, सोमवार

शेळ्या. बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, रविवारच्या उपासनेला सगळे आत असताना तीन शेळ्या एका फटीतून शिरल्या. मेथी साफ. आता कडेने हिरवी जाळी, १,९००. पाळकसाहेब हसून म्हणाले, न्यायाच्या दिवशी चांगले म्हणजे उजवीकडची मेंढरं आणि वाईट म्हणजे डावीकडची शेरडं असं शास्त्रात का लिहिलंय ते तुम्हाला आता कळलं असेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

उरलेल्या दीड पाइपाचं भाग्य उजळलं. दुसऱ्या बाजूच्या पाखीला पन्हळ लावली, कंस एका वेल्डर पालकाने फुकट करून दिले. हे पाणी टाकीत नाही, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. खड्डा पालकांनी खोदला. जोडाचे बेंड आणि पाइप ६००.

टाकी मुळातच लहान आहे, हे इथे कबूल करते. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. उडून-सांडून जाणारं सोडलं तरी एका पाखीवरून चोवीस-पंचवीस हजार लिटर पाणी येऊ शकतं. टाकी दोन हजारांची. आमचा रोजचा वापर, हात, भांडी आणि बाग मिळून, अडीचशे लिटर. म्हणजे पाऊस थांबला की टाकी आठ दिवसांत रिकामी. पावसाचं पाणी उन्हाळ्यात वापरू हे डोक्यातून काढा. त्याला भला मोठा हौद लागतो आणि तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते.

वालावर मावा आला होता. जुलैत पोरांनी गोळा केलेल्या निंबोळ्या होत्याच. पाव किलो कुटून रात्रभर भिजवल्या, फडक्याने गाळून पाच लिटर पाणी केलं, चमचाभर साबण घातला आणि संध्याकाळी मारलं. दोन वेळा मारल्यावर मावा आटोक्यात. वास दोन दिवस हाताला राहतो, आणि त्याची पोरांना फार गंमत.

२० ऑक्टोबर, रविवार

हंगामाची उपकारस्तुती. मंडळीतल्या प्रत्येक घराने शेतातलं काही ना काही वेदीपुढे आणून ठेवायचं: बाजरीची कणसं, मूग, कोंबडा, अंडी, तुपाचा डबा. उपासना झाली की चर्चच्या ओट्यावर लिलाव. शाळेने यंदा पहिल्यांदा आपलं आणलं. दोन पेंढ्या मेथी, भेंडी, मूठभर वाल आणि ते वाचलेलं डांगर.

डांगर चौथीतल्या दोघांना मिळून उचलावं लागलं. पाळकसाहेबांनी पन्नासपासून बोली सुरू केली. पाचशेपर्यंत हसत-खेळत गेली. मग गावातले दोन जुने प्रतिस्पर्धी, ज्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे, ते समोरासमोर आले. एकाने सातशे म्हटलं की दुसरा आठशे. पोरं ओट्याच्या कडेला बसून मान इकडून तिकडे. शेवटी ११५० ला सुटलं, आणि घेणाऱ्याने ते तिथेच शाळेला परत दिलं: "पोरांच्या भाजीत घाला." सोमवारी मावशींनी त्याची भाजी केली, सगळ्यांना पुरून उरली.

शाळेच्या सगळ्या मालाचे, आणि मंडळीने त्यात स्वतःच्या काही वस्तू घालून, मिळून ७,४०० आले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. हजेरी २९.

नऊ गेली. गाळप सुरू झालं, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, काही टोळ्या निघाल्याही. काही घरं बुधवारचं मतदान करून जाणार. तेरापैकी चार पोरं आजीजवळ राहिली. त्यांच्यासाठी घरोघर जाऊन बसलो होतो मी आणि सर. नऊ घरी जमलं नाही. धाकटी भावंडं सांभाळायला थोरलं लागतं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बागेचा दोष दिसतो. मी वाफे जूनच्या हजेरीवर आखले. पेरणाऱ्यांत हीच पोरं पुढे होती, कारण शेतीतलं त्यांना जास्त कळतं. भेंडी, दोडका, वाल जोरात आले ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे खायची वेळ झाली आणि ती गेली. तिसरीच्या वाफ्याला पाणी घालणारी पाचपैकी तीन पोरं नाहीत. वाफा वाळत चाललाय.

सरांनी एक सुचवलं: जे परत येतील ते मार्च-एप्रिलात. तेव्हा काय निघतं? शेवगा. जुलैत कुंपणाच्या कडेला सहा शेवगे लावले होते, पीकेएम-१ जातीचे, ते आता पुरुषभर झालेत. ही जात पहिल्याच वर्षी शेंगा देते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत काल मतदान केंद्र होतं. सकाळी येऊन पाहिलं तर रांगेतला एक नळ उघडा आणि टाकी पार रिकामी. परवाच बोअरने भरली होती. कुणी ठेवला हे विचारण्यात अर्थ नाही. टाकीच्या तोंडाशी कुलपाचा कॉक नव्हता, ती चूक आमची. घरातला जुना पडून होता, तो बसवला.

पण सांडलेलं सगळं पाणी कुठे गेलं, तर हात धुण्याच्या नालीतून वाहून शेवग्यांच्या बुडाशी. सहाही झाडं ताजी. मग तेच कायमचं केलं. नालीचा उतार शेवग्यांच्या आळ्यांकडे वळवला, एक दिवसाचं काम. बाग पावसाच्या पाण्यावर, शेवगा पोरांच्या हातांच्या पाण्यावर. साबणाने आजवर त्यांना काही झालेलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

नाताळच्या नाटिकेची तालीम. योसेफ गेला. ऑगस्टपासून ज्याला भूमिका ठरली होती, संवाद पाठ होते, तो. नावनोंदणीसाठी योसेफाने मरियेला घेऊन बेथलेहेमाला जायचं, आणि आमचा योसेफ आईबापाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर. त्याच्या जागी दुसरीतला एक घेतला, तो मरियेच्या खांद्यालाही लागत नाही. दाढी लावल्यावर जास्तच लहान दिसतो.

मेंढपाळांची मात्र चंगळ. धनगरांच्या तीन पोरांना काही शिकवावं लागत नाही. काठी कशी धरायची हे तेच मला सांगतात. एकाने तालमीला खरं कोकरू आणलं. मी परवानगी दिली. कोकरू बेथलेहेमात दोन मिनिटं थांबलं, मग जाळीच्या फाटकातून पालकाच्या वाफ्यात. शेळ्यांसाठी १,९०० खर्चले, कोकरू मी स्वतः दारातून आत घेतलं.

(नंतर लिहिलेलं:) नाटिका २१ तारखेला झाली. गव्हाणीत गवत म्हणून बाजरीचं सरमाड, तारा म्हणजे पत्र्याच्या डब्याचा, आत टॉर्च. बुटक्या योसेफाने "सराईत जागा आहे का?" असं विचारलं आणि सराईवाल्याच्या आधी प्रेक्षकांतून मावशीच म्हणाल्या, "ये बाळा, ये." पडदा तिथेच पाडावा लागला.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. चौथीच्या मुलींनी फळ्यावर लिहिलं. मी एवढंच जोडलं, की सावित्रीबाईंनी शिकवण्याचं प्रशिक्षण जिथे घेतलं त्यातली एक जागा आपलं नगर, मिस सिंथिया फरार यांच्याकडे. फरारबाई १८२७ ला, अविवाहित असताना, जहाजाने मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला नगरलाच वारल्या. "आपल्या नगरला? बसस्टँडचं नगर?" असं एकीने विचारलं. हो, तेच.

बाग: पालक दुसऱ्यांदा पेरला, चांगला. टोमॅटोची पानं गोळा होऊन गेली, उपटून टाकली. ऑगस्टात ढिगाला लावलेलं प्रेसमड आता काळं, गार आणि मातीसारखं वास येणारं झालंय. तेच खरं सोनं, पण पाच महिन्यांनी.

८ फेब्रुवारी, शनिवार

बागेला आठवडाभर कुणी पाहिलं नाही. सहल होती (नेवाशाचा पैस खांब. ज्ञानेश्वरी सांगताना ज्याला टेकले तो हा, म्हटल्यावर सगळी पोरं एकेक करून त्याला हात लावून आली), मग माझा ताप. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर आता फक्त दोन वाफे धरलेत, बाकी उघडे टाकले. यात लाज नाही. दोन माणसांच्या शाळेत सहा वाफे पावसाळ्यापुरतेच.

शेवग्याला फूल लागलंय, पांढरं. मधमाश्या.

२२ मार्च, शनिवार

वर्षाचा हिशेब. एकूण खर्च ३२,६३०. वर्गणी २०,००० आणि लिलावाचे ७,४०० वजा जाता ५,२३० आम्ही दोघांनी भरले. त्यातले निदान दीड-दोन हजार निव्वळ चुकांचे.

भाजी: मावशींच्या काट्यावर तोलून लिहिलेली, ६१ किलो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. आमच्या ३८ जणांना १ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे सगळ्या बागेने बत्तीस दिवसांची भाजी दिली. बाजार बंद झाला असं कुणाला सांगू नका. हात धुण्याची रांग मात्र आता दीड-दोन मिनिटांत संपते, आणि हे मी घड्याळ लावून पाहिलंय.

१२ एप्रिल, शनिवार

सहा जण परत आले. तिघं अजून यायची आहेत.

उद्या झावळ्यांचा रविवार. खजूर कुठून आणणार, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या पोरांनी कापून आणल्या आणि त्याच कोयत्याने शेवग्याच्या शेंगा पाडल्या. कोयता चालवायला पुढे योसेफच होता. चार महिन्यांत उंच झालाय, हाताला घट्टे. चार किलो शेंगा निघाल्या, मावशींनी आमटी केली. त्याने शेंग चोखून चोथा ताटाच्या कडेला नीट रांगेत लावला, आठ चोथे.

जेवल्यावर त्याने त्याच्या वालाचं विचारलं. वेल डिसेंबरातच संपला होता. पण चौथीतल्या त्या साबणवाल्या मुलीने शेवटच्या शेंगा वाळवून दाणे काढून ठेवले होते, वहीच्या कागदाच्या पुडीत, वर त्याचं नाव. तो पुडी सोडून तिथेच मोजायला बसला. तेवीस निघाले. आत्ता टोकू का म्हणाला. मी म्हटलं, या उन्हात नको, पाऊस पडू दे. जूनमध्ये तो पाचवीला दुसऱ्या शाळेत असेल. त्याने एक दाणा मला दिला आणि बावीस परत पुडीत बांधले.

मेअखेर करायचं: पन्हळ धुणे, ड्रमचं बूच बदलणे, चौथऱ्याची एक फट भरणे. जाळीला दोन जागी ठिगळ.